विग धुताना, विग जपताना

गंगावन आपल्याला नवं नाही. आपल्या आज्या-मावश्या विरळ केसांना गंगावन जोडून चांगला भरगच्च अंबाडा घालीत. पण पुरा विग म्हटला, की तो नाटक-सिनेमातल्यांचा, असाच आपला समज. मैत्रिणींनो, आता तो आपल्या ओळखीच्या घरांतूनही दिसू लागला आहे. कुणाचे केस चाईने गेलेले असतात, कुणाचे कर्करोगावरच्या औषधांनी. उपचार संपल्यावर हे दुसऱ्या प्रकारचे केस बहुधा परत येतात. पण केस वाढतात महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. तोवर विगचीच सोबत. तो बिघडला, तर पुष्कळ जणींचं बाहेर जाणंच थांबतं. म्हणून त्याची निगा नीट माहीत हवी.

एक गोष्ट मनात पक्की धरा. डोक्यावरच्या केसाला मुळापासून तेल मिळतं, तो गळला तर नवा येतो. विगचा केस गेला की गेला! तेव्हा कढत पाणी, खसखसून चोळणं, पंच्याने झटकणं हे सारं इथे वर्ज्य.

केस कोणते?

विग घेतानाच हे विचारून घ्या. काही विग माणसाच्या केसांचे असतात. तिरुमलैला भाविक जे केस अर्पण करतात, त्यांचा देवस्थानातर्फे लिलाव होतो आणि ते विगसाठी देशोदेशी जातात. दुसरे विग कृत्रिम धाग्याचे. ते स्वस्त आणि हलके. पण त्यांची प्रकृती नायलॉनच्या साडीसारखी. उष्णता त्यांना मुळीच सोसत नाही.

धुवावा कसा?

रोज धुवू नये. आठ-दहा वेळा वापरल्यावर धुवावा. मुंबई-कोकणातल्या घामात थोडा आधी.

कोरडा असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढा. सुरुवात टोकांकडून करा आणि हळूहळू वर जा. टबात गार पाणी घेऊन त्यात झाकणभर सौम्य शाम्पू मिसळा. विग त्यात पाच मिनिटं बुडवून हलकेच वरखाली करा. आतल्या टोपीला लागलेला घाम बोटांच्या टोकांनी काढा. शिकेकाई नको, तिची पूड जाळीत अडकून बसते. मग स्वच्छ पाणी मुळाकडून टोकाकडे वाहील असं सोडा. कंडिशनर लावायचं तर फक्त केसांच्या खालच्या भागाला. मुळाशी लागलं तर गाठी सैल होऊन केस निसटतात.

पिळू नका. टर्किश टॉवेलमध्ये ठेवून नुसता दाबा आणि सावलीत स्टँडवर वाळू द्या. स्टँड नसेल तर उंच बरणीवर टॉवेल गुंडाळला तरी चालतं. कृत्रिम विग ओला असताना विंचरू नये, त्याला ड्रायरही लावू नये.

स्वयंपाकघरात सांभाळा

विगचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते ओट्यापाशी. कुकरची वाफ, ओव्हनचं दार उघडताना येणारा झोत, तळणीची धग यांनी कृत्रिम बटा आखडून कापसासारख्या होतात. मग कितीही धुतल्या तरी पूर्ववत होत नाहीत. शिवाय गॅसपाशी पेट घेण्याचा धोका आहेच. घरात सरळ सुती रुमाल बांधावा. रात्रीही विग काढून ठेवावा. आपल्या डोक्याच्या कातडीलाही वारा हवाच! विगखाली पातळ सुती टोपी घाला; पुरळ आलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणि घरातल्यांनाही एक सांगणं. सून, नणंद, आई, जिला विग लागतो तिला धुण्याच्या दिवशी न्हाणीघर तासभर मोकळं द्या. ‘कशाला एवढे सोपस्कार?’ असं म्हणू नका. त्या तासाभराच्या जोरावरच ती महिनाभर बाजारात, बँकेत, हळदीकुंकवाला ताठ मानेने जाणार असते.