महाविद्यालयीन संगणकप्रणालीतील प्रवेशाधिकार-निर्मिती व डेटाबेसच्या फेऱ्या : एक विवेचन

प्रस्तावना :
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. अंतर्गत गुण, हजेरी, शुल्क यांच्या नोंदी संगणकावर ठेवल्या की कोणती नोंद कोणी पाहावी, कोणी भरावी आणि कोणी बदलावी, हे ठरवावे लागते. या नियमांना प्रस्तुत लेखात ‘प्रवेशाधिकार’ म्हटले आहे. येथे प्रवेश म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रवेश नव्हे, तर नोंदीपर्यंत पोहोचण्याची मुभा होय.

सत्रारंभी हे नियम तयार करताना प्रणाली मंदावते, हा तांत्रिक प्रश्न वाटतो. परंतु काम रेंगाळले की कार्यालय सर्वांना सरसकट अधिकार देऊन मोकळे होते, किंवा एकच संकेतशब्द अनेकांच्या हाती जातो. मंदगतीची किंमत अशा वेळी विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकाला मोजावी लागते. म्हणून या मंदगतीचे कारण व उपाय प्राध्यापकांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

समस्येचे स्वरूप :
अकोल्यातील एखाद्या महाविद्यालयाचा लिपिक विद्यार्थ्यांचे अर्ज घेऊन अमरावतीस विद्यापीठात निघाला आहे, अशी कल्पना करू. एका अर्जासाठी तो एकदा ‘हा अर्ज आधी आला आहे काय’ हे विचारण्यास जातो, परत येतो, आणि मग तो अर्ज देण्यासाठी पुन्हा जातो. अंतर सुमारे १०० किलोमीटर. जून २०२२ मध्ये या दोन शहरांदरम्यानच्या महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन गिनीज विक्रम नोंदविला गेला. रस्ता चांगला झाला, तरी प्रत्येक अर्जामागे दोन फेऱ्या करणाऱ्याचे काम वेळेत होणार नाही. सर्व अर्जांचा एकच गठ्ठा नेणे हाच उपाय.

प्रणाली व डेटाबेस यांच्यातही असेच घडते. उदाहरणादाखल ६० प्राध्यापक, प्रत्येकी ६ अभ्यासपत्रिका आणि पाहणे, भरणे, दुरुस्त करणे, अंतिम करणे अशा ४ कृती गृहीत धरू. एकूण नियम १४४०. प्रत्येक नियमासाठी एक विचारणा व एक नोंद, म्हणजे २८८० फेऱ्या. डेटाबेस त्याच इमारतीत असून एका फेरीस १ मिलिसेकंद लागत असेल, तर एकूण वेळ तीन सेकंदांहून कमी. तोच दूरच्या सर्व्हरवर नेला आणि फेरीस २० मिलिसेकंद लागू लागले, तर ५७.६ सेकंद केवळ ये-जा करण्यात जातात. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या संगणकावर हा दोष दिसत नाही. तो प्रत्यक्ष वापरात उघडकीस येतो.

फेऱ्या कमी करण्याची पद्धती :
१) प्रथम प्राध्यापक व अभ्यासपत्रिका यांच्या वाटपाची संपूर्ण यादी एकाच विचारणेत आणावी. तीवरून हवे असलेले नियम प्रणालीच्या स्मृतीतच तयार करावेत. दुसऱ्या विचारणेत अस्तित्वात असलेले सर्व नियम आणावेत.
२) दोन्ही याद्यांची तुलना स्मृतीतच करावी. जे हवेत पण नाहीत ते जोडायचे. जे आहेत पण नकोत ते काढायचे.
३) नवे नियम गटागटाने लिहावेत. गटास मर्यादा असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका विनंतीत २१०० पर्यंतच प्राचल चालतात. प्राध्यापक, अभ्यासपत्रिका, कृती व सत्र अशी चार मूल्ये प्रत्येक नियमास असल्यास ५०० नियमांचा गट २००० मूल्यांचा होतो. म्हणजे १४४० नियमांस तीन गट पुरतात.

व्यवहाराचा आरंभ व समाप्ती धरून पहिल्या निर्मितीस सात फेऱ्या होतात. २० मिलिसेकंदांच्या हिशेबाने ०.१४ सेकंद. लिहिण्याचे प्रत्यक्ष काम डेटाबेसला करावेच लागते. वाचते ती ये-जा.

नियमांची संख्याही घटविता येते. फेरायोलो व कून यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या आणि २००४ मध्ये अमेरिकी प्रमाणक म्हणून स्वीकारल्या गेलेल्या भूमिकाधारित पद्धतीत अधिकार व्यक्तीला नव्हे, भूमिकेला दिले जातात. ‘विषयशिक्षक’ या भूमिकेचे ४ नियम आणि ३६० नेमणुका, म्हणजे १४४० ऐवजी ३६४ नोंदी पुरतात.

घ्यावयाची दक्षता :
वेगाच्या मोहात तपासणी सैल होता कामा नये. दोन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी निर्मिती सुरू केल्यास स्मृतीतील यादी शिळी ठरते. म्हणून चारही मूल्यांच्या संयोगावर ‘एकमेव’ असण्याचे बंधन डेटाबेसमध्येच असावे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.५ या आवृत्तीपासून (२०१६) असा संघर्ष झाल्यास नोंद वगळण्याची सोय आहे. जोडणे व काढणे एकाच व्यवहारात व्हावे, अन्यथा मध्येच वीज गेल्यास अर्धे नियम नवे व अर्धे जुने राहतील. वाटपाची यादी चुकून रिकामी आली, तर सर्वांचेच अधिकार जातील. म्हणून मोठ्या प्रमाणावर नियम काढण्यापूर्वी जबाबदार व्यक्तीची संमती घ्यावी.

फेऱ्या वाचविण्यासाठी तपासणीचे निकाल स्मृतीत साठविण्याचाही प्रघात आहे. त्यात धोका असा की सेवानिवृत्त प्राध्यापकाचा अधिकार डेटाबेसमधून गेला, तरी स्मृतीत टिकतो. अधिकार देण्यास मिनिटभर उशीर झाला तर गैरसोय होते. काढण्यास उशीर झाला तर गुण बदलले जाऊ शकतात. म्हणून अधिकार काढताच ती साठवणही रद्द झाली पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

निष्कर्ष :
प्रवेशाधिकार-निर्मितीतील विलंब अनेकदा यंत्राच्या दुर्बलतेमुळे नव्हे, तर विचारणांच्या संख्येमुळे होतो. म्हणून नवा सर्व्हर खरेदी करण्यापूर्वी फेऱ्या मोजाव्यात. गठ्ठ्याने वाचणे, स्मृतीत तुलना करणे व गठ्ठ्याने लिहिणे या तीन पायऱ्यांनी वेळ वाचतो. अचूक अधिकार देणे सोपे झाले, की सर्वांना सरसकट अधिकार देण्याची सबब उरत नाही. आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचे खरे संरक्षण तेथूनच सुरू होते.