चढण टर्बोची, उतार कोणाचा?

सफरचंदाच्या हंगामात सिमला जिल्ह्यातील कोटगढहून परवाणूच्या बाजारापर्यंत एका पिकअपमधून प्रवास करण्याचा योग मला आला. १९१६ मध्ये सॅम्युअल स्टोक्स यांनी याच परिसरात सफरचंदाच्या नव्या जातीची रोपे लावली आणि हिमाचलच्या डोंगराळ अर्थव्यवस्थेला वेगळे वळण मिळाले. त्या अर्थव्यवस्थेचा माल आज बागेच्या बांधापासून पहिल्या बाजारापर्यंत वाहून नेतात ती प्रामुख्याने हलकी मालवाहू वाहने, म्हणजेच पिकअप. धोरणांच्या चर्चेत मोठे ट्रक असतात, महामार्ग असतात, मालवाहतुकीचा खर्च असतो. पिकअप मात्र क्वचितच असते.

चालक पस्तिशीतला होता. गाडी त्याच्या स्वतःच्या मालकीची, अर्थात बँकेच्या हप्त्यांसह. ‘‘टर्बो आहे, भाईसाहेब. चढणीला हिला दम लागत नाही,’’ असे त्याने अभिमानाने सांगितले. मी विचारले, ‘‘पासिंग किती?’’ ‘‘दीड टन.’’ ‘‘आणि आज भरले किती?’’ तो हसला आणि म्हणाला, ‘‘पेट्या मोजा.’’ पेट्या १२० होत्या. हिमाचल सरकारने २०२४ च्या हंगामापासून ‘युनिव्हर्सल कार्टन’ सक्तीचे केले असून, त्यात सुमारे २० किलो सफरचंदे मावतात. म्हणजे पुठ्ठ्याचे वजन सोडले तरी माल २४०० किलो झाला; परवानगीपेक्षा ९०० किलो अधिक. गाडीसह एकूण वजन जेथे तीन टनांच्या आत असायला हवे, तेथे ते पावणेचार टनांच्या पलीकडे गेले होते.

तरीही कोटगढहून नारकंड्याची चढण गाडीने तक्रार न करता पार केली. नारकंडा सुमारे २७०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास एक चतुर्थांश विरळ असते. साध्या इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो आणि त्याची ताकदही त्याच प्रमाणात घटते. टर्बोचार्जर ही उणीव भरून काढतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक छोटे चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते, आणि अधिक हवा मिळाल्याने अधिक इंधन जाळता येते. छोटे इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करू लागते, तेही कमी फेऱ्यांवर, जिथे लादलेल्या गाडीला जोराची खरी गरज असते.

गेल्या दोन दशकांत या तंत्राने हलक्या मालवाहतुकीचे रूपच पालटले. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, रस्त्यावर आला तेव्हा त्याचे दोन सिलिंडरचे ७०२ सीसी इंजिन १६ अश्वशक्तीचे होते आणि अधिकृत भार पाऊण टन होता. २०२२ मध्ये त्याच कंपनीने आणलेल्या इंट्रा व्ही ५० चे दीड लिटरचे टर्बो डिझेल इंजिन ८० अश्वशक्तीचे आहे आणि भार दीड टन. शक्ती पाचपट झाली, भार दुप्पट झाला. महिंद्राची बोलेरो पिकअप किंवा अशोक लेलँडची दोस्त यांचाही प्रवास याच दिशेचा आहे. एप्रिल २०२० मध्ये देशभर लागू झालेल्या ‘बीएस ६’ मानकांनंतर तर डिझेल इंजिनांत कॉमन रेल आणि टर्बो यांची जोडी हा जवळजवळ नियमच झाला. यात वाईट काही नाही. कमी धूर, कमी इंधन आणि चढणीवर रखडून मागची रांग न अडवणारे वाहन ही प्रगतीच होय.

प्रश्न शिल्लक राहतो तो शक्ती आणि अधिकृत भार यांच्यामधल्या वाढलेल्या अंतराचा. पूर्वी गाडी जास्त भरली की इंजिनच नकार देत असे. पहिल्या गिअरमध्येही गाडी चढेना, की चालक दहा पेट्या उतरवून ठेवी. तो एक नैसर्गिक अंकुश होता. टर्बोने तो काढून टाकला. आता इंजिन नकार देत नाही. त्यामुळे गाडी किती भरायची हे बागायतदाराची घाई, पेटीमागे मिळणारे भाडे आणि बँकेचा हप्ता ठरवतात. माझ्या चालकाचे गणित सरळ होते. ‘‘सत्तर पेट्यांत डिझेल आणि हप्ता निघतो. घर चालते ते वरच्या पन्नास पेट्यांवर.’’

सिमला मागे पडले आणि खरा उतार सुरू झाला. नारकंडा ते कालका या सुमारे दीडशे किलोमीटरच्या वाटेत, मधले चढ वजा जाता, गाडी सुमारे २००० मीटर खाली येते. तीन टनांची गाडी एवढी खाली उतरवताना सुमारे १६ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. पावणेचार टनांच्या गाडीसाठी हा आकडा २० च्या वर जातो. यातला काही भाग हवेचा आणि टायरांचा अवरोध घेतो, काही भाग खालच्या गिअरमधले इंजिन घेते आणि उरलेला सगळा ब्रेकच्या ड्रममध्ये आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन साठतो.

इथे टर्बोची मदत संपते. उतारावर पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला की टर्बोचे चक्र जवळपास निष्क्रिय होते. इंजिन गाडीला किती रोखून धरू शकेल, हे त्याचा आकार आणि गिअर यांवर ठरते. दीड लिटरचे इंजिन चढताना मोठ्या इंजिनासारखे ओढते. उतरताना मात्र ते दीड लिटरचेच असते. त्यामुळे ज्या इंजिनाने वाढीव ९०० किलो हसत वर नेले, तेच ते वजन खाली आणताना बव्हंशी ब्रेकच्या हवाली करते.

सोलनच्या खाली एका वळणावर क्लीनर म्हणाला, ‘‘उस्ताद, वास येतोय.’’ जळक्या लायनिंगचा तो उग्र वास एव्हाना मलाही आला होता. चालकाने गाडी कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले आणि आम्ही अर्धा तास बसून राहिलो. क्लीनर पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाला तेव्हा चालकाने त्याला थांबवले. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडले तर तो तडकू शकतो. हे ज्ञान त्याला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते. एकदा ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ होत गेलेले त्याने अनुभवले होते, एवढेच.

आम्ही बसलो असताना शेजारून एक दुसरी पिकअप गेली. तिच्यामागे रस्त्याच्या कामावरचा एअर कॉम्प्रेसर जोडलेला होता. त्याला मागे ना नंबर, ना दिवे. जोडणीची पिन तारेने बांधलेली. आणि अशा बहुतेक ओढगाड्यांप्रमाणे त्याला स्वतःचे ब्रेक असल्याचे कुठलेही चिन्ह दिसत नव्हते. माझा चालक म्हणाला, ‘‘तेही एकदा करून पाहिले. चढताना मागे काही आहे हे जाणवतच नाही. उतारावर ते मागून ढकलू लागते तेव्हा कळते.’’

ओढण्याच्या क्षमतेविषयी याहून नेमके विधान मी कुठल्या अहवालात वाचलेले नाही. टोयोटाची हायलक्स ही पिकअप २०२२ पासून भारतात मिळते, तिचे २.८ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन २०४ अश्वशक्तीचे आहे. ऑस्ट्रेलियात याच गाडीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्यांसाठी ओढण्याच्या क्षमतेचे दोन आकडे दिले जातात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर ३५०० किलो. नसतील तर ७५० किलो. इंजिन तेच, टर्बो तोच, हूकही तोच. ब्रेक नाहीत म्हणून मर्यादा जवळजवळ पाचपटीने खाली येते. म्हणजे किती ओढावे हे तिथे इंजिनावर ठरत नाही. जे ओढले ते थांबवता येईल का, यावर ठरते. आपल्याकडच्या हलक्या मालवाहू वाहनांच्या जाहिरातींत अश्वशक्ती असते, टॉर्क असतो, चढण चढण्याची क्षमता टक्क्यांत असते. उताराविषयी आणि ट्रेलरविषयी सहसा शब्द नसतो.

कायदा गप्प आहे असे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ ट्रेलरलाही नोंदणी बंधनकारक करतो आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक शेवटच्या ट्रेलरवर लावायला सांगतो. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा दंड ठेवला. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देऊ नये, असेही म्हटले. पण या रचनेचा साचा मोठ्या ट्रकचा आहे. ४० टनी ट्रकवर एक टन जादा आणि दीड टनी पिकअपवर एक टन जादा, यांना कायदा जवळपास एकाच तराजूत तोलतो. पहिल्या गाडीच्या ब्रेकवर त्याने किरकोळ ताण येतो. दुसरी धोक्याच्या हद्दीत जाते. शिवाय गाडी तोलायची तर जवळ वजनकाटा हवा आणि डोंगरी रस्त्यांवर तो सहजी सापडत नाही.

चालकाच्या परवान्याची कथा याहून बोलकी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात निर्वाळा दिला की, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. असे परवानाधारकच अधिक अपघात करतात हे दाखवणारी आकडेवारी समोर आलेली नाही, हेही न्यायालयाने नमूद केले. हजारो चालकांची उपजीविका आणि अपघातग्रस्तांची विमा भरपाई या दोन्ही दृष्टींनी हा निर्णय मला न्याय्य वाटतो. पण त्याचा एक परिणाम स्वीकारायला हवा. मोटार चालवायला शिकलेला तरुण उद्या तीन टनांची लादलेली पिकअप घेऊन घाटात उतरू शकतो, आणि उतारावर गिअर कोणता ठेवावा याची परीक्षा त्याच्याकडून कोणी घेतलेली नसते.

आकडेवारीचा अभाव हा तर स्वतंत्रच प्रश्न आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यातील सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदले गेले. ब्रेक तापून निकामी झालेली पिकअप वळणावर दरीत गेली, तर तीही शेवटच्या क्षणी वेगातच असते. ती अतिवेगाच्या रकान्यात जाऊन बसली, तर तिचा ९०० किलोंचा जादा भार आणि मागचा बिनब्रेकचा कॉम्प्रेसर कुठल्याच तक्त्यात उमटणार नाहीत. ज्याची नोंद नाही त्यावर धोरणही आखले जात नाही.

करण्यासारखे बरेच आहे आणि ते फार खर्चिक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक नियमांत दीर्घ उताराची एक चाचणी आहे : ६ टक्के उतार, ६ किलोमीटर अंतर, ताशी ३० किलोमीटर वेग. ती १२ टनांहून जड ट्रकसाठी आहे. साडेतीन टनांच्या आतल्या मालवाहू गाड्यांना ती लागू नाही. ज्या देशाचा मोठा डोंगरी प्रदेश पिकअपवर चालतो, त्याने आपल्या मानकांत अशा वाहनांसाठी उताराची चाचणी घालण्याचा विचार करायला हवा. नोंदणीपत्रावर आणि दाराच्या चौकटीवर ट्रेलरच्या क्षमतेचे दोन आकडे, ब्रेकसह आणि ब्रेकविना, ठळकपणे छापायला हवेत. सार्वजनिक कामांच्या निविदांत, कंत्राटदाराच्या ओढगाड्यांना नोंदणी, दिवे आणि ब्रेक असल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही, अशी एक अट घालता येईल. जादा भाराचा दंडही गाडीच्या मंजूर भाराच्या टक्केवारीवर आकारता येईल.

सर्वांत सोपा उपाय हिमाचलने नकळत स्वतःच तयार करून ठेवला आहे. पेटीचे वजन ठरलेले असेल तर वजनकाट्याची गरजच उरत नाही. पेट्या मोजल्या की पुरे. बाजाराच्या दाराशी गाडीचा क्रमांक आणि पेट्यांची संख्या एकत्र नोंदवली, तर कोणती गाडी किती जादा भरून उतरली हे संध्याकाळपर्यंत कळेल. मात्र हा हिशेब केवळ चालकाच्या गळ्यात अडकवून चालणार नाही. भाड्याचा दर ७० पेट्यांत घर चालेल असा नसेल, तर दंड हा त्याच्या धंद्याचा आणखी एक खर्च ठरेल आणि तो भागवण्यासाठी आणखी दहा पेट्या चढतील. माल पाठवणारा आणि भाडे ठरवणारा यांनाही जबाबदार धरावे लागेल.

अर्ध्या तासाने चालकाने चाकाजवळ तळहात धरून पाहिला, मान डोलावली आणि आम्ही निघालो. परवाणूपर्यंत त्याने गाडी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या पुढे नेली नाही. मागून हॉर्न वाजत राहिले. बाजारात पेट्या उतरवून घेणाऱ्याने त्या काळजीपूर्वक मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि १२० चा आकडा वहीत लिहिला. गाडीचे पासिंग किती, हे त्याने विचारले नाही. ते विचारणे त्याच्या कामाचा भाग नव्हते.