मेण, ठसा आणि रंग

तेल सांडलेल्या कागदावर शाई धरत नाहीं, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या वहींत केव्हां ना केव्हां आलेला असतो. जेथें स्निग्ध पदार्थ बसला, तेथें पाण्यांत कालविलेल्या रंगास प्रवेश मिळत नाहीं. ह्याच साध्या नियमावर जावा बेटांतील कारागिरांनीं एक थोर कला उभारिली. तिला बाटिक असें म्हणतात. कापडाचा जो भाग मूळच्या रंगाचा राखावयाचा, त्यावर वितळलेलें मेण लावावयाचें, कापड रंगांत बुडवावयाचें व शेवटीं मेण काढून टाकावयाचें, हें तिचें मर्म होय.

मेण लावण्याच्या तेथें दोन रीति आहेत. पहिलींत चांतिंग नांवाची, बारीक तोटीची तांब्याची इवलीशी वाटी दांडीस बसवून लेखणीप्रमाणें हातांत धरितात व मेणाच्या रेघा काढितात. असें एक उत्तम वस्त्र पुरें होण्यास कित्येक महिने लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तांब्याच्या पट्ट्या वाकवून केलेला चाप नांवाचा ठसा प्रचारांत आला आणि काम पुष्कळ लवकर होऊं लागलें. २००९ सालीं युनेस्कोनें इंडोनेशियाच्या ह्या कलेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. आपल्या देशांतही कच्छांतील मुंद्रा येथें लांकडी ठसे मेणांत बुडवून कापड छापितात.

आतां घरीं हें कसें करावें तें सांगतों. प्रथम सुती कापड धुऊन त्यांतील खळ काढावी. मधमाशांचें मेण लवचिक असतें. मेणबत्तीचें ठिसूळ असून त्यास तडे जातात. दोहोंचें मिश्रण करावें. तड्यांतून रंग झिरपून ज्या सूक्ष्म शिरा उमटतात, त्या ह्या कलेची शोभाच होत. मेणाचें भांडें प्रत्यक्ष जाळावर न ठेवितां उकळत्या पाण्याच्या भांड्यांत ठेवावें, आणि वडील माणूस जवळ असावें. मेणानें पेट घेतलाच, तर पाणी मुळींच ओतूं नये. विस्तव विझवून वर झांकण घालावें.

लांकडी ठसा अथवा पत्र्याच्या डबीची कड मेणांत क्षणभर धरून कापडावर दाबावी. कापड पारदर्शक दिसलें, म्हणजे मेण आरपार गेलें; पांढुरकें राहिलें, तर मेण थंड होतें असें समजावें. रंग थंड पाण्यांत चढणाराच घ्यावा. कापड वाळल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवून इस्त्री फिरवावी. मेण कागदांत शोषलें जातें.

थंड पाण्याविषयीं आमचा आग्रह कां, तें सांगावयास हवें. एके वर्षीं संमेलनाच्या पडद्यांसाठीं आमच्या वर्गांतील मुलींनीं आठ दिवस खपून ठसे उमटविले. वेळ थोडा उरला म्हणून आम्हीं रंगाचें पाणी तापविलें. पाहतां पाहतां मेण विरघळलें व सारी नक्षी नाहींशी झाली. दोष सर्वस्वी आमचा होता. मुली मात्र मुकाट्यानें पुनः कामास लागल्या. संमेलनापर्यंत एकच पडदा तयार झाला. तो एकच आम्हीं लाविला.

बाजारांत यंत्रावर छापलेलें कापडही ह्याच नांवानें विकतात. म्हणून वस्त्र उलटून पाहावें. मेणाच्या कामांत रंग दोन्ही बाजूंस चढतो; छापील कापडाची पाठ बहुधा फिकट असते. आणि काम खरें आढळलें, तर कारागिराशीं घासाघीस करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्या एका पडद्यानंतर आमची जीभ तरी तसें करण्यास धजत नाहीं.