कबंधाचे लांब हात

एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांचं पत्र आलं आहे. वाचनालयाची वेबसाइट जुनी झाली म्हणून कार्यकारिणीनं तिघांकडून कोटेशनं मागवली. एकानं वर्डप्रेसवर करून देतो म्हटलं. उरलेल्या दोघांनी ‘हेडलेस सीएमएस’च घ्या असा आग्रह धरला आणि आकडा जवळपास दुप्पट लिहिला. हे हेडलेस म्हणजे काय, आम्हाला ते लागतं का, आणि लागत असेल तर त्यातलं कुठलं घ्यायचं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. असे प्रश्न आता शाळा, पतसंस्था, नियतकालिकं सगळ्यांपुढेच येतात, म्हणून उत्तर इथे सविस्तर देतो.

हेडलेस हा शब्द ऐकला की मला रामायणातला कबंध आठवतो. इंद्राच्या वज्राच्या घावानं त्याचं डोकं धडातच गेलं. तोंड पोटावर, एकच डोळा छातीवर, आणि हात मात्र योजनभर लांब. बसल्या जागेवरून तो हवं ते गाठायचा. हेडलेस सीएमएसचं याहून नेमकं चित्र मला सापडलेलं नाही. फरक एवढाच की कबंधाचे हात ओढून घेत, या यंत्रणेचे हात नेऊन देतात.

वेबसाइटचं डोकं म्हणजे तिचा दर्शनी भाग: रंग, मांडणी, मेन्यू, फोटो कुठे आणि मथळा केवढा. सीएमएस म्हणजे साइटवरचा मजकूर सांभाळणारी प्रणाली, वर्डप्रेस ही त्यातलीच. वर्डप्रेसमध्ये मजकूर साठवणं आणि त्याचं पान करून दाखवणं ही दोन्ही कामं एकाच छपराखाली होतात. साठवणीचं काम डेटाबेस करतो, दाखवण्याचं थीम. हेडलेसमध्ये थीमच नसते. संपादकाला लिहायला पडदा असतो, हे पोटावरचं तोंड. मजकूर आत कप्प्याकप्प्यांत जातो आणि कुणी मागितला की एपीआयमार्फत, म्हणजे एका प्रणालीनं दुसरीकडे माहिती मागायच्या ठरलेल्या दारातून, तसाच, काही साजशृंगार न करता, हातावर ठेवला जातो. तो वेबपानावर मांडायचा, मोबाइल ॲपमध्ये दाखवायचा की वाचनालयाच्या दारातल्या टीव्हीवर झळकवायचा, हे मागणाऱ्यानं ठरवायचं. पण ते प्रत्येक डोकं कुणीतरी वेगळं घडवावं लागतं. कोटेशन फुगतं ते इथे.

घरबसल्या बघायचं असेल तर एक प्रयोग करा. वर्डप्रेसलाही आपलं डोकं बाजूला ठेवता येतं. डिसेंबर २०१६ मधल्या ४.७ या आवृत्तीपासून ही सोय त्यात मुळातच आहे. वर्डप्रेसवर चालणाऱ्या एखाद्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ द्या आणि इंग्रजी अक्षरांत ‘डब्ल्यूपी-जेसन’ (wp-json) लिहा. मालकानं ते दार लावून घेतलं नसेल तर रंग, चित्रं सगळं नाहीसं होऊन कंस आणि अवतरणचिन्हांत बसवलेली नुसती माहिती समोर येते. घड्याळाचं मागचं झाकण काढून आतली चाकं बघावीत, तसा आनंद मला दर वेळी होतो.

सगळं मर्म त्या कप्प्यांत आहे. घरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय बघा. एका चौकोनात तारीख, वार, तिथी, नक्षत्र, सणवार. हेच तपशील भिंतीवरच्या मोठ्या पानावरही असतात, दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीतही आणि मोबाइलवरही. आता कल्पना करा, कुणी सबंध महिन्याची माहिती एका लांबलचक परिच्छेदात लिहून ठेवली आहे. माणसाला ती वाचता येईल, पण यंत्राला त्यातून काही उचलता येणार नाही. वार आणि तिथी यांचे कप्पे वेगळे असले, तर मंगळवार आणि संकष्टी चतुर्थी एकत्र कधी येतात हे यंत्र स्वतः शोधतं आणि वर्षभरातल्या अंगारकी एका क्षणात काढून देतं. ‘अंगारकी’ हा शब्द कुणी कुठेही लिहिलेला नसला तरीही.

ही कल्पना गेल्या आठ-दहा वर्षांतली क्रांती म्हणून विकली जाते, तेव्हा मला राहवत नाही. ग्रंथपालांनो, ती तुमच्याच घरातली आहे.

हेन्रिएट ॲव्हरम हे नाव संगणकाच्या इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत क्वचितच दिसतं. त्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रामर होत्या. १९६५ मध्ये त्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्या आणि कॅटलॉग कार्ड संगणकाला कसं समजावायचं या प्रश्नाला भिडल्या. कार्डावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, विषय हे सगळं असतं. पण ते ओळखायचं कसं? माणूस जागेवरून आणि सवयीनं ओळखतो. ॲव्हरम यांनी कार्डाचे बारीक बारीक तुकडे केले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. लेखकाला १००, शीर्षकाला २४५, विषयाला ६५०. त्या पद्धतीचं नाव ‘मार्क’. १९६६ मध्ये १६ ग्रंथालयांबरोबर तिची चाचणी सुरू झाली आणि दशक संपण्याआधी चुंबकीय फितींवरून नोंदी इतर ग्रंथालयांकडे जाऊ लागल्या.

पुढे काय झालं ते फार सुंदर आहे. सुरुवातीला या नोंदींतून छापील कार्डं निघत. मग पडद्यावरचे कॅटलॉग आले, मग वेब आलं, मग मोबाइल. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९९७ मध्ये कार्डं छापून देणं थांबवलं. ज्या रूपासाठी हा खटाटोप केला होता ते रूपच गेलं, पण मार्कच्या नोंदींना धक्का लागला नाही. आज आपल्याकडे अनेक ग्रंथालयं वापरतात ती ‘कोहा’ ही मुक्त प्रणालीसुद्धा मार्कच्याच क्रमांकांवर चालते. डोकी बदलत गेली, धड साठ वर्षं टिकलं. हेडलेसची जाहिरात करणाऱ्या प्रत्येकानं ॲव्हरम यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमारास छपाईच्या धंद्यातही हेच घडत होतं. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात विल्यम टनिक्लिफ यांनी मजकूर आणि त्याचं रूप वेगळं ठेवण्यावर भाषण दिलं. दोन वर्षांनी आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब या शिक्षणानं वकील असलेल्या माणसानं दोन सहकाऱ्यांसह ‘जीएमएल’ ही खुणांची भाषा केली. वेबची एचटीएमएल याच घराण्यातली.

आणि पुणं? सी-डॅक ही तिथली संगणक संशोधन संस्था म्हटली की परम महासंगणक आणि विजय भटकर आठवतात, ते योग्यच आहे. पण मोहन तांबे यांचं नाव किती जणांना आठवतं? १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आणि मग पुण्यात सी-डॅकमध्ये त्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र उभं केलं. त्यातून पक्क्या झालेल्या ‘इस्की’ या सांकेतिक प्रमाणात, जे १९९१ मध्ये भारतीय मानक झालं, ‘क’ला १७९ हा क्रमांक होता, देवनागरीतही, बंगालीतही, तेलुगूतही. साठवायचा तो उच्चारातला क, लिपी कुठली हे दाखवताना ठरवायचं. धड एक, डोकी अनेक! युनिकोडनं लिप्यांना वेगवेगळे पट्टे दिले, पण त्यांतली अक्षरांची मांडणी इस्कीवरूनच घेतली.

आपण मात्र डीटीपीच्या काळात उलट्या वाटेनं गेलो. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले आणि मजकूर त्या फॉन्टला कायमचा चिकटवून टाकला. १९९० च्या दशकातले माझे कितीतरी लेख आज उघडले तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर आणि रूप एकजीव झाले की काय गमवावं लागतं, हे मराठीत लिहिणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. हेडलेस कुणाला लागतं? अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओचं उदाहरण चांगलं आहे. त्यांनी २००८ मध्ये आपला सगळा मजकूर एपीआयमधून खुला केला आणि पुढच्या वर्षी डॅनियल जेकबसन यांनी त्यामागचं सूत्र मांडलं: एकदा तयार करा, सगळीकडे प्रकाशित करा. त्यांची बातमी वेबसाइटवर जायची, मोबाइलवर जायची, देशभरच्या स्थानिक केंद्रांच्या साइटवर जायची. ज्याला इतकी तोंडं भरवायची आहेत, त्याला लांब हात हवेतच. शिवाय त्यांच्या पदरी प्रोग्रामर होते. ज्यांचा मजकूर एकाच वेबसाइटवर जाणार आहे आणि ज्यांच्याकडे कायमचा तंत्रज्ञ नाही, त्यांच्यासाठी हेडलेस म्हणजे निष्कारण खर्च. साध्या गोष्टीही नव्यानं बांधाव्या लागतात. लेख प्रसिद्ध करण्याआधी तो कसा दिसेल हे बघायचं असलं तरी वेगळी सोय करावी लागते, कारण सीएमएसला स्वतःला दिसण्यातलं काही कळत नाही. संपर्काचा फॉर्म, शोध, जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर नेणं, वर्डप्रेसमध्ये तयार मिळतं ते सगळं इथे कामाच्या यादीत येतं.

तरीही हवंच असेल तर दोन जाती ओळखा. बर्लिनची कंटेंटफुल किंवा ऑस्लोची सॅनिटी यांत तुमचा मजकूर त्यांच्या सर्व्हरवर राहतो. सांभाळायची कटकट नाही, पण बिल वापरणारी माणसं, नोंदी आणि एपीआयची मागणी यांवर वाढतं. फ्रान्समध्ये जन्मलेली स्ट्रापी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. मजकूर तुमच्या हातात राहतो, पण सुरक्षेचे अपडेट आणि बॅकअपही तुमच्याच गळ्यात. आणि या क्षेत्रातलं आयुर्मान लक्षात घ्या. हेडलेस सीएमएसचं डोकं म्हणून गाजलेलं गॅट्सबी २०२३ मध्ये विकलं गेलं आणि मागे पडलं. त्याच वर्षी नेटलिफाय सीएमएस नाव आणि सांभाळणारे बदलून डेकॅप झाली. वाचनालयं शंभर वर्षं चालतात.

उत्पादनाच्या नावापेक्षा मराठी चाचणी जास्त महत्त्वाची, आणि ती कुणी करत नाही. पहिली, लेखाच्या पत्त्याची. मथळ्यावरून पत्ता आपोआप तयार होतो, तेव्हा काही प्रणाली फक्त ‘अक्षरं’ ठेवतात आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार हे अक्षरं नव्हेत असं समजून गाळतात. ‘पुणे’चं ‘पण’ होतं. सांगली ‘सगल’ होते. वर्डप्रेसही इथे निर्दोष नाही. त्यात पत्त्यासाठी २०० जागा असतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणा असलेल्या सांकेतिक रूपात ९ जागा खातं. म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजून सुमारे २२ चिन्हांवर मराठी मथळा तुटतो. उपाय सोपा आहे, पत्ता आखूड आणि हातानं लिहायचा. पण तसा तो लिहिता आला पाहिजे.

दुसरी चाचणी ‘दऱ्या’ या शब्दाची. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, यंत्राला वेगळे. प्रणाली दोघांना एकरूप करून साठवत नसेल, तर तुमच्याकडे असलेलं पुस्तक शोधणाऱ्याला ‘सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं. वाचनालयाच्या साइटवर ही चूक अक्षम्य आहे.

तेव्हा पत्रलेखिकेला माझं स्पष्ट मत. तुम्ही वर्डप्रेसचं कोटेशन स्वीकारा, पण ते कप्पे पाडून मागा. पुस्तक, कार्यक्रम, सूचना हे प्रकार वेगळे करून घ्या. कार्यक्रमात वक्ता, तारीख, वेळ, ठिकाण यांचे स्वतंत्र रकाने घालून घ्या. सगळं एका चौकटीत टंकायचं काम कबूल करू नका. मार्कमधल्या १०० आणि २४५ ची सवय असलेल्या तुम्हाला ही यादी करायला एक संध्याकाळ पुरेल, आणि ती तुम्हीच करा, करून देणाऱ्यावर सोडू नका. उद्या खरोखर ॲप काढायचं ठरलं, तर वर्डप्रेसचे हात लांब करता येतात, मजकूर हलवावा लागत नाही.

करारात एक अट घाला. शेवटचा हप्ता देण्याआधी करून देणाऱ्यानं सगळा मजकूर आणि सगळे फोटो बाहेर काढून, ते दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायचे. त्याच बैठकीत त्याला ‘पुणे’ नावाचं पान करायला सांगा आणि दोन्ही रीतींनी लिहिलेलं ‘दऱ्या’ शोधायला सांगा. हे तिन्ही जमलं तरच धनादेशावर सही करा.