आधी हर्निया, मग बाकीचे

छातीच्या एक्स-रेवरून आजार ओळखायला संगणकाला शिकवायचं, तर त्याच्यापुढे कोणत्या फिल्म ठेवायच्या यातच निम्मं काम जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये खुला केलेला संच आम्ही वापरतो. ३०,८०५ रुग्ण, १,१२,१२० एक्स-रे, चौदा लेबलं. एकाच फिल्मवर फुफ्फुसाभोवती पाणी, वाढलेलं हृदय आणि गाठ अशी तीन लेबलंही असू शकतात. गोची तिथेच होते.

इनफिल्ट्रेशनच्या, म्हणजे फुफ्फुसात पसरलेल्या धूसर छायेच्या, जवळपास वीस हजार फिल्म आणि हर्नियाच्या अवघ्या २२७. हर्निया वाढवायला त्याच फिल्म पुन्हा पुन्हा घातल्या, तर त्यांच्यावरची बाकीची लेबलंही फुगतात. नवरदेवाला बोलावलं की वऱ्हाड येणारच. नुसत्या चिठ्ठ्या टाकून शिकवणीचा आणि परीक्षेचा वाटा पाडला, तर हर्निया एकीकडेच गोळा व्हायची भीती.

सेचिडिस, त्सुमाकास आणि व्लाहावास यांनी २०११ मध्ये सुचवलेली रीत मला पटते: कोणत्या वाट्याला कोणत्या लेबलाच्या किती फिल्म हव्यात ते ठरवायचं आणि सर्वांत दुर्मीळ लेबल आधी वाटायचं. हर्निया आणि पाणी अशी दोन्ही लेबलं असलेली फिल्म परीक्षेच्या वाट्याला दिली, की तिथली दोन्हींची गरज एकेकाने कमी करायची. हर्निया संपला की उरलेल्यांतलं सर्वांत दुर्मीळ लेबल घ्यायचं. आम्ही मात्र फिल्मऐवजी अख्खा रुग्णच उचलतो. त्याच माणसाच्या छातीची एक फिल्म शिकवणीत आणि दुसरी परीक्षेत गेली, तर पेपर फुटल्यातच जमा.

इथवरचं काम प्रोग्राम करतो. पुढे डोळेच लागतात. न्यूमोथोरॅक्सचं, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा साठल्याचं, लेबल असलेल्या फिल्म आम्ही एकेक उघडतो. शेजारी बसलेल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम बरगड्यांमधून आत गेलेल्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवतात. "ही आयसीडीवाली." म्हणजे हवा काढायची नळी आधीच टाकलेली, निदान केव्हाच झालंय. अशाच फिल्म जास्त. मग मशीन हवा कशाला शोधेल? ते नळी शोधतं. २०२० मध्ये ओकडेन-रेनर आणि सहकाऱ्यांनी याच संचावर हे मोजून दाखवलं: नळी असलेल्या फिल्मवर मॉडेलचा एयूसी (आजारी-निरोगी वेगळे ओळखण्याचं माप; १ म्हणजे अचूक) ०.९४, नळी नसलेल्यांवर ०.७७. आणि खरी गरज असते ती नळी पडण्यापूर्वीच!

म्हणून नळी नसलेला न्यूमोथोरॅक्स वेगळा काढायचा. उलट, नळी आहे पण फुफ्फुस पुन्हा फुगलंय, अशा फिल्मही मुद्दाम शोधायच्या. त्या सापडायला वेळ लागतो, आणि मॅडमना ओपीडी असते. तरी नवं मॉडेल आणण्यापेक्षा मी त्यांची आणखी एक दुपार मागून घेईन.