वालूरचा ‘ल’ तुमच्या ब्राउझरमध्ये कसा दिसतो?

सेलू तालुक्यातलं वालूर हे बारवांचं गाव. इथली चक्राकार बारव टपाल खात्याच्या चित्र-पोस्टकार्डावरही झळकली. आता हे वाक्य घ्या: ‘वालूरच्या गावकऱ्यांनी श्रमदानातून बारव मोकळी केली.’ वेबसाइट कुठल्या ब्राउझरमध्ये कशी दिसते हे तपासायला याहून चांगलं वाक्य नाही!

सुरुवात ‘लू’पासून. मराठी वळणाचा ल वेगळा, हिंदी वळणाचा वेगळा. श चंही तसंच. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद केली, की ब्राउझर मराठी वळण उचलतो. एवढी एक नोंद, पण कितीतरी मराठी साइट्स ती करतच नाहीत. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतली, तर बटणातल्या ‘लू’चा ऊकार खालून छाटला जातो. आणि इंग्रजी मथळ्याला शोभणारं लेटर-स्पेसिंग मराठीला लावलं, की शिरोरेषेचे तुकडे!

‘गावकऱ्यांनी’मधला ‘ऱ्या’ तर भारीच. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला मात्र दोन वेगळे. म्हणून शोध कधीकधी हुकतो.

तरी आज सुख आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केपला पीएफआर फाँट लागायचा, इंटरनेट एक्सप्लोररला ईओटी. पुढे फायरफॉक्स आला, तेव्हा जुन्या फाँटमधली भारतीय भाषांतली पानं त्यात अगम्य चिन्हं होऊन उमटायची. ती युनिकोडमध्ये बदलून वाचता यावीत म्हणून ‘पद्मा’ नावाचं खास ॲड-ऑन निघालं.

आणखी एक गंमत: क्रोम असो की सफारी, वेबसाइटला ओळख सांगताना सुरुवात ‘मोझिला’नेच करतात, कारण जुन्या साइट्स तेच नाव पाहून चांगलं पान द्यायच्या. आयफोनवरचा क्रोम वर्षानुवर्षं आतून सफारीच्याच वेबकिट इंजिनावर चालत आलाय. जिओफोनची कायओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम फायरफॉक्सच्या घराण्यातली. डिझायनरांना छळणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निरोप दिला.

वेबसाइट बनवणाऱ्यांनो, नमुना मजकूर म्हणून ‘लोरेम इप्सम’ टाकणं सोडा. वालूरचं वाक्य टाका आणि क्रोम, फायरफॉक्स, सफारी, तिन्हींत उघडून बघा.