कंडक्टर वादकांनी ठरवलेला

जून 1967. इस्रायलच्या सीमेवर युद्ध पेटण्याच्या बेतात होतं. इस्रायल फिलहार्मोनिकचे पाहुणे कंडक्टर एरिक लाइन्सडॉर्फ दौरा अर्धवट टाकून परत गेले आणि त्यांच्या जागी उभं राहायला 31 वर्षांचे झुबिन मेहता उलट दिशेने निघाले. दारूगोळा नेणाऱ्या विमानात बसून ते तेल अवीवला पोहोचले.

वादकांना ते नवे नव्हते. 1961 साली कंडक्टर युजीन ऑर्मंडी येऊ शकले नाहीत, तेव्हा या मुंबईकर पारशी तरुणाने त्यांच्यासमोर पहिल्यांदा छडी उचलली होती. मात्र संकटात धावून आलेल्या माणसाची गोष्टच वेगळी. 1969 मध्ये ते वाद्यवृंदाचे संगीत सल्लागार झाले, 1977 मध्ये संगीत संचालक. 1981 मध्ये त्यांना हे पद तहहयात देण्यात आलं. ऑक्टोबर 2019 मध्ये ते निवृत्त झाले, तोवर या वादकांबरोबर त्यांच्या तीन हजारांहून जास्त मैफली झाल्या होत्या.

इतकी वर्षं हे नातं टिकलं कसं? मेहतांचा मनमिळाऊ स्वभाव हे एक कारण झालं. खरं कारण वाद्यवृंदाच्या घडणीत आहे. इस्रायल फिलहार्मोनिक ही वादकांची सहकारी संस्था आहे. व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव ह्युबरमान यांनी युरोपात नाझींमुळे पोटापाण्याला मुकलेले ज्यू वादक गोळा करून 1936 मध्ये तिची स्थापना केली. पहिली मैफल ख्यातनाम कंडक्टर तोस्कानिनींनी संचालित केली. इथे कारभारी मंडळ वादकांतूनच निवडलं जातं आणि कंडक्टर कोण, हेही वादकच ठरवतात. मालक नेमतो तो साहेब, आपण निवडतो तो आपला माणूस. त्याच्या रागावण्यालाही मग वेगळा अर्थ येतो.

बर्लिनचं उदाहरण समोर ठेवलं की हे नीट कळतं. हर्बर्ट फॉन कारायान 1955 पासून बर्लिन फिलहार्मोनिकचे सर्वेसर्वा होते आणि तेही आजीवन नेमलेले. पण नव्या सदस्याला पसंती द्यायची की नाही, हा तिथल्या वादकांचा हक्क. 1982 मध्ये कारायान यांना क्लॅरिनेटवादक साबिने मायर हवी होती. वादकांनी मतदान केलं: विरोधात 73, बाजूने 4. कारायान हट्टाला पेटले, वादकही मागे हटले नाहीत. अखेर मायर स्वतःच बाहेर पडली. एकत्र वाजवणं चालू राहिलं, विश्वास मात्र आटला. एप्रिल 1989 मध्ये कारायान यांनी राजीनामा दिला. त्याच जुलैत ते गेले. व्हिएन्ना फिलहार्मोनिक तर याही पुढे गेलेली आहे. 1933 पासून तिने कायमचा कंडक्टर ठेवलेलाच नाही.

दीर्घ सहवासाचा फायदा कानाला कळतो. छडी खाली येते त्या क्षणी सूर उमटतोच असं नाही. अनेक वाद्यवृंद किंचित थांबून वाजवतात आणि हे थांबणं प्रत्येकाचं निराळं असतं. पाहुण्या कंडक्टरला ते ओळखण्यात पहिली तालीम घालवावी लागते. जुना कंडक्टर हात उचलण्याआधी श्वास घेतो आणि फुंकवाद्यांचे वादक त्याच्याबरोबर श्वास घेतात. शब्द वाचतात, तालमीचा वेळ वाचतो. धोकाही इथेच असतो: सवय झाली की तीच सिंफनी दर हंगामात त्याच वळणाने जाऊ लागते. म्हणून पन्नास वर्षांच्या सोबतीचं कौतुक करताना वर्षं मोजून भागत नाही. त्या काळात वादक आणि कंडक्टर मिळून अवघड जागी गेले का, हे पाहायला हवं.

मेहता आणि त्यांचे वादक अशा जागी गेले. नाझींना प्रिय असलेल्या जर्मन संगीतकार वाग्नरचं संगीत हा वाद्यवृंद 1938 पासून वाजवत नव्हता. ऑक्टोबर 1981 मध्ये मेहतांनी मैफलीअखेर वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेरामधला भाग घेतला. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांना आधी बाहेर जाण्याची मुभा दिली, ज्या वादकांना वाजवायचं नव्हतं त्यांना मोकळं ठेवलं. तरीही सभागृहात गदारोळ उसळला. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही वाद होऊ शकतो. पण ज्याला नको त्याच्यावर वाजवण्याची सक्ती न करणं, यात मेहता आपल्या वादकांना कसं ओळखत होते ते दिसतं.

भारत आणि इस्रायलचे राजनैतिक संबंध 1992 मध्ये पूर्ण जुळले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1994 मध्ये, मेहता आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईत आले. ज्या शहरात वडील मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, तिथे ही मंडळी झुबिन यांची पाहुणी होती. एप्रिल 2016 मध्ये मेहतांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ती पुन्हा आली.

2019 मध्ये निरोपाला मेहतांनी माहलरची दुसरी सिंफनी निवडली आणि आजारपणातून उठलेले असल्याने बसून संचालन केलं. वारसदार वादकांनीच मत देऊन आधी ठरवलेला होता: 1989 मध्ये जन्मलेले लाहाव शानी. पियानोवादक म्हणून ते मेहतांच्या हाताखाली वाजवून गेले होते, शिवाय याच वाद्यवृंदात डबल बासही वाजवत असत. व्हिएन्नात शिकताना मेहतांचं वाद्यही डबल बासच होतं.